डंपावर आधी झुडूप, मग झाड

गेल्या अंकात सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरची, झुडपं बियांपासून वाढवून खाणीच्या डंपावर कशी लावता येतील, याबद्दल थोडंसं लिहिलं होतं. त्यावर डिचोली-सत्तरीपासून घुग्घुसपर्यंत आणि पार पर्थहूनही पत्रं आली. या महिन्याचं सदर त्या पत्रांसाठीच. माझी रोपवाटिका दोडामार्ग तालुक्यात, गोव्याच्या हद्दीजवळ आहे. जांभ्याच्या आणि लोहखनिजाच्या मुलखाबद्दल मी हाताने केलेलं सांगते. कोळशाच्या मुलखाबद्दल तिथे राबणाऱ्यांकडून शिकलेलं सांगते. दोन्हींतला फरक वाचताना ध्यानात असू द्या.

आमच्या बागायतीच्या वरच्या अंगाला जुना डंप आहे. खाण २०१८च्या मार्चपासून बंद. दर पावसाळ्यात लाल चिखल पोफळीत उतरतो. गावातले लोक म्हणतात, ऑस्ट्रेलियन अकेशिया लावा, दोन वर्षांत हिरवंगार होईल. तुम्ही मात्र करवंद आणि धायटी सांगता. झुडपांनी एवढा डंप धरून राहील का?
*एक बागायतदार, डिचोली तालुका*

काका, आधी डंप म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे एक टन लोहखनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो. डंपावर असते ती ही माती. ती जमिनीच्या पोटातून आलेली आहे. तिने कधी मूळ पाहिलेलं नाही, पानांचा कुजवा पाहिलेला नाही. तिच्यात नत्र नाहीच म्हटलं तरी चालेल. स्फुरद थोडाफार असला तरी लोह आणि अॅल्युमिनियम त्याला धरून बसतात, मुळांना सोडत नाहीत. पहिल्या दोन-चार जोरदार सरींत वरची बारीक माती बसून पापडी धरते आणि पुढचं पाणी आत न मुरता वरून धावत सुटतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तुमच्या पोफळीत उतरतो तो चिखल असा तयार होतो.

अकेशियाबद्दल मी वाईटच बोलणार असं समजू नका. ज्यांनी ते डंपांवर आणलं त्यांच्यापाशी कारणं होती. ते हवेतला नत्र मुळांशी आणतं, कसल्याही मातीत उभं राहतं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि लांबून डोंगर हिरवा दिसतो. पण तुम्हाला लांबून हिरवा दिसणारा डंप नको आहे, तुम्हाला चिखल थांबायला हवा आहे. अकेशियाच्या वनात आत शिरून खाली बघा. त्याचं पान म्हणजे खरं तर चपटा झालेला देठ. तो चिवट असतो, लवकर कुजत नाही. वाळक्या पानांचा थर साचतो, मार्च-एप्रिलमध्ये एका काडीने पेटतो, आणि मग पावसाच्या तोंडावर खालची जमीन उघडी पडते. उंच शेंड्यावरून गळणारे थेंब मोठे असतात, ते उघड्या मातीला ठोकून काढतात. शिवाय हे झाड ठिसूळ आणि मुळं वरवर धावणारी, त्यामुळे वाऱ्यापावसात फांद्या मोडतात, झाडंच्या झाडं आडवी होतात.

झुडूप जमिनीलगत फुटतं. करवंदाची जाळी बघा, तिच्या बुडाशी बोट घालायला जागा नसते. उतारावरून येणारं पाणी तिथे अडखळतं, गाळ मागे टाकतं, त्या गाळात पानं अडकतात आणि कुजतात. दोन-तीन पावसाळ्यांत जाळीच्या वरच्या बाजूला काळसर मातीची एक लहानशी पायरी तयार झालेली हाताला लागते. फळं खायला बुलबुल येतात, विष्ठेतून दुसऱ्या बिया टाकतात. त्या बिया काट्यांच्या आत रुजतात, गुरांच्या तोंडापासून वाचतात. जांभूळ, चार (चारोळी), किंजळ अशी झाडं सड्याच्या कडेला अशीच जाळीतून वर आलेली असतात. आपण डंपावर थेट झाड लावतो तेव्हा हा मधला सगळा टप्पा गाळून टाकतो.

मात्र नुसत्या झुडपांच्या भरवशावर उभा डंप सोडू नका. २०२१च्या जुलैत दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावात खाणीचा बांध फुटून चिखलपाणी वस्तीत आणि बागायतीत शिरलं, ते या भागात कोणी विसरलेलं नाही. आधी उतार मोडून घ्या. एक फूट उंचीला दोन फूट पाया असा उतार असेल तर माती थांबते. त्याहून उभ्या उतारावर मी रोप देत नाही. पायथ्याशी पाणी झिरपू देणारा जांभ्या दगडांचा बांध, वर समपातळीत चर, चरांच्या खालच्या काठाने वाळ्याचे ठोंब, आणि मधल्या उतारावर काथ्याची जाळी. ती जाळी काही पावसाळ्यांत कुजून जाते, तेवढ्या वेळात झुडपांची मुळं तिची जागा घेतात.

आणखी एक सांगते, कारण यात माणसांचे कष्ट पाण्यात जाताना मी पाहिले आहेत. गोव्यात जुने डंप उचलून त्यातलं कमी प्रतीचं खनिज विकण्याचं धोरण सरकारने आणलं आहे, शिवाय लिलाव होऊन काही पट्टे पुन्हा सुरू होत आहेत. तुमचा डंप उचलण्याच्या यादीत आहे का, ते पंचायतीमार्फत खाण खात्याकडे लेखी विचारा. उत्तर हातात आल्याशिवाय खड्डे मारू नका.

सत्तरीतल्या आमच्या शाळेची मुलं दर वर्षी रोपं लावतात, ती सगळी वनखात्याच्या नर्सरीतून येतात. यंदा मुलांनी स्वतः बी गोळा करून रोपं करावीत असं वाटतं. जवळच्या बंद खाणीवर पुढच्या वर्षी लावायची आहेत. कोणतं बी, कधी आणि कसं?
*एक शिक्षक, वाळपई*

सर, तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला. म्हणून उत्तरही लांब देते.

बी शक्यतो खाणीला लागून असलेल्या सड्यावरचं किंवा डोंगरावरचं घ्या. तिथल्या झुडपांनी तोच पाऊस, तीच माती आणि तोच एप्रिलचा ताव सोसलेला असतो. एकाच भरलेल्या झुडपाला सगळ्यांनी ओरबाडायचं नाही. तीस-चाळीस वेगवेगळ्या झुडपांवरून थोडं थोडं घ्या, आणि कुठल्याही झुडपावरच्या पिकलेल्या बियांपैकी पाचव्या हिश्शाहून जास्त घेऊ नका. बाकीचं पाखरांचं आणि त्या डोंगराचं आहे. राखीव जंगलात शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी घ्या. मुलांना वही द्या: कुठला डोंगर, कुठली तारीख, फळ कसं होतं.

हा अंक हातात पडेल तेव्हा पांढऱ्या कुड्याच्या शेंगा सुकत आलेल्या असतील. लांब, बारीक, जोडीने लोंबणाऱ्या शेंगा. शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतील तर तो काळा कुडा. पांढऱ्याच्या सुट्या असतात. शेंग हिरवी असताना बी कच्चं असतं, आणि तपकिरी होऊन तडकली की केसाळ बी वाऱ्यावर निघून जातं. मधले काही दिवस साधायचे असतात. आमच्याकडच्या मावशी पिवळट पडू लागलेल्या शेंगांच्या जोडीला जुन्या साडीची चिंधी सैल बांधून ठेवतात आणि तडकल्यावर काढतात. कुड्याच्या बियाला कसलेही संस्कार लागत नाहीत. आडवं ठेवून वर बोटाच्या पेराच्या अर्ध्याइतकी माती घातली, की दोन आठवड्यांच्या आत कोंब दिसतो. गुरं कुड्याच्या कडू चिकाला बिचकतात, म्हणून कुंपण नसलेल्या डंपावर मी पहिला मान कुड्याला देते.

याच दिवसांत मुरुडशेंगही वाळते. मुलांना ती पिळदार शेंग फोडायला आवडेल. हिच्या बियाचं कवच पाणी आत घेत नाही. पाणी उकळून चुलीवरून खाली उतरवा, जरा निवू द्या, मग बियांवर ओता आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं पुन्हा गरम पाण्यात. दुसरा उपाय म्हणजे दोन पॉलिशपेपरांमध्ये बी हलकं घासणं, कवचाचा रंग फिका होईपर्यंत. रानतूर, खुळखुळा आणि शेंगा येणाऱ्या इतर रानझुडपांनाही हेच लागू. रानतूर-खुळखुळ्यासारखी शेंगवर्गी मंडळी नत्र आणतात, त्यामुळे अकेशियाचं ते काम आपलीच झुडपं करू शकतात.

एप्रिल-मे हा खरा कामाचा काळ, आणि नेमकी तेव्हा शाळेला सुट्टी असते. तेवढ्यापुरता गावातल्या मुलांचा गट करा.

करवंद पूर्ण काळं, बोटाने दाबलं तर फुटेल असं घ्या. बादलीत पाण्याखाली कुस्करा, रोवळीत घालून गर धुऊन काढा. पाण्यावर तरंगणारं बी पोकळ असतं, ते टाका. उरलेलं सावलीत गोणपाटावर एक दिवस पसरा आणि आठवड्याच्या आत पेरून मोकळे व्हा. करवंदाचं बी डब्यात भरून पुढच्या वर्षी पेरता येत नाही, उन्हात वाळवलं तर तेवढंही टिकत नाही. गावात कोणी करवंदाचं सरबत करत असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा, शिजवण्याआधी काढलेल्या बिया तुमच्या. अंजनी आणि पिटकुळी याच प्रकारची: पिकलं की काढा, धुवा, पेरा. अंजनी मात्र उगवायला आणि वाढायला फार सावकाश. मुलांचा धीर सुटेल, तेव्हा ती थोडीच करा. पण करा. सड्याचं खरं लाकूड तिचं.

तोरण आणि रानबोर यांची आठळी टणक. आठळी तशीच पेरली तर उगवण लांबते. आडकित्त्यात धरून हळू दाब द्यायचा, आठळी तडकली पाहिजे पण आतला दाणा चिरडता कामा नये. मोठ्या मुलांनाच द्या हे काम.

धायटीची लाल फुलं उन्हाळ्याच्या सुरुवातीला सगळ्यांना दिसतात, औषधवाले आसव-अरिष्टांसाठी ती नेतात. तिचं बोंड मात्र कोणी बघत नाही. फुलाच्या वाळलेल्या नळीत ते लहानसं बोंड असतं आणि त्यात राईहूनही बारीक बी. बोंडं कागदी पिशवीत सुकवा, कागदावर झटका. पेरायला उथळ ट्रे घ्या, बारीक वाळू आणि चाळलेला पानांचा कुजवा समान भाग. त्यावर बी भुरभुरा आणि झाकू नका. मातीखाली गेलं तर ते उगवत नाही, त्याला उजेड लागतो. पाणी वरून मुळीच घालायचं नाही. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यायची.

पिशव्यांच्या मातीत दोन भाग डंपाचीच माती, एक भाग पानांचा कुजवा, एक भाग जुनं शेणखत. नुसत्या मऊ खतमातीत वाढवलेलं रोप डंपावर गेलं की त्याचं मूळ पिशवीच्या गोळ्यातच फिरत राहतं. ज्या झुडपाचं बी घेतलं त्याच्या बुंध्याजवळची मूठभर मातीही प्रत्येक पिशवीत घाला. तिच्यात मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या बुरश्या असतात. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात खाणीच्या मातीतल्या या बुरश्यांवर पुष्कळ काम झालं आहे. तालुक्याच्या गावातून एखाद्या शिक्षकाने पत्र लिहिलं तर तिथली माणसं मदत करतील असा माझा विश्वास आहे.

आणि यंदा पेरलेलं रोप यंदाच डंपावर नेऊ नका. एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा रोपवाटिकेत काढू द्या. एप्रिलपासून सावली कमी करा, पाणी एका दिवसाआड, मग दोन दिवसांआड. मृगाचा पाऊस नीट लागला, माती वीतभर ओली झाली की लावा. आर्द्रा संपेपर्यंत लावणी आटोपलेली बरी. पुढे लावलेल्या रोपाला पाऊस जाण्याआधी मुळं खोल न्यायला वेळ उरत नाही.

आमची कंपनी पर्यावरण दिनाला बंद खाणींवर सीडबॉल टाकण्याचा कार्यक्रम करणार आहे. आंबा, फणस, जांभूळ, करवंद अशा बियांचे मातीचे गोळे करून जानेवारीपासून साठवायचे ठरले आहे. तुमचं मत?
*एक अभियंता, पुणे*

जानेवारीत या चारांपैकी एकाचंही पिकलेलं बी कोकणात मिळत नाही. आणि मेमध्ये मिळालं तरी गोळ्यात घालून सुकवलं की ते मरतं. आंबा, फणस, जांभूळ, करवंद यांच्या बियांत ओल टिकली तरच जीव टिकतो. ५ जूनला तुम्ही जे टाकाल ते बहुतेक मातीचे रिकामे गोळे असतील.

गोळ्यात टिकतात त्या कठीण कवचाच्या बिया: रानतूर, खुळखुळा, मुरुडशेंग, बोर. पण डंपाच्या उतारावर गोळा थांबत नाही. पहिल्या मोठ्या सरीबरोबर तो चरात किंवा खाली नाल्यात जातो. सपाट माथ्यावर, पापडी फोडून, गोळा अर्धा मातीत दाबून वर चिमूटभर पाचोळा टाकला तर काही उगवेल.

तुमच्याकडे माणसं आणि पैसा दोन्ही आहे, तर माझी विनंती अशी की तो पैसा एका दिवसावर खर्च करू नका. खाणीजवळच्या गावातल्या एखाद्या बचतगटाला दोन वर्षांची रोपवाटिका चालवायला द्या. हिरवं जाळं, पाण्याची टाकी, पिशव्या आणि दोन बायकांचा नियमित पगार. डोंगरावर कुठलं झुडूप कधी पिकतं हे त्या बायकांना पाठ असतं. त्यांना आजवर या ज्ञानाचे पैसे कोणी दिलेले नाहीत.

धायटी उगवली, छान हिरवी पावडर शिंपडल्यासारखी दिसत होती. एका रात्रीत सगळी आडवी झाली. काय झालं?
*एक वाचक, सावंतवाडी*

रोपं कोलमडली. बुरशीचा रोग आहे, दमट हवेत आणि दाट पेरणीत येतो. बी वाळूत मिसळून विरळ टाका. ट्रे जमिनीवरून उचलून वारा खेळेल असा ठेवा आणि पावसाचे थेंब थेट पडणार नाहीत असं छप्पर द्या. पेरणीआधी वाळू-कुजव्यावर उकळतं पाणी ओतून निवू द्या. चार पानं आली की एकेक रोप वेगळं करा. पानाला धरून उचलायचं, खोडाला नाही.

ताई, मी गेली काही वर्षं पर्थमध्ये राहते, माहेर कुडाळचं. इथे जॅरा या निलगिरीच्या कुळीतल्या झाडांच्या जंगलात बॉक्साइटच्या खाणी आहेत आणि खाणकाम झालेल्या जागी स्थानिक झुडपंच बियांपासून परत आणतात. काही बियांना धुराचं पाणी देतात, त्याने उगवण वाढते. आपल्याकडे करून पाहायला हवं का?
*एक वाचक, पर्थ, ऑस्ट्रेलिया*

तुझ्या शहराने या विषयात जगाला बरंच दिलं आहे. धुरातलं नेमकं कुठलं द्रव्य बियांना जागं करतं, ते तिथल्याच विद्यापीठातल्या आणि किंग्ज पार्क उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये शोधून काढलं. पण तिथलं रान वणव्याच्या सोबतीने घडलेलं आहे. कोकणातल्या आपल्या झुडपांना उठवतो तो पाऊस. करवंद, अंजनी, जांभूळ यांचं बी मेच्या शेवटाला पडतं आणि जूनमध्ये रुजतं, ते कशाची वाट बघत नाही. त्यामुळे धुराच्या पाण्यामागे मी जाणार नाही.

तिथली दुसरी गोष्ट मात्र आपण शिकावी असं मला मनापासून वाटतं. ती म्हणजे वरची माती. जॅराच्या रानात खाण उघडताना वरचा थर काढतात आणि होईल तितकं ढीग न मारता लगेच दुसऱ्या, काम संपलेल्या खड्ड्यावर पसरतात. त्या मातीच्या वरच्या काही सेंटिमीटरांत कितीतरी जातींचं झोपलेलं बी असतं. आपल्याकडे वरची माती काढली तरी वर्षानुवर्षं ढिगात पडून राहते आणि ढिगाच्या पोटात बीही मरतं, बुरश्याही मरतात.

इथे एक फरक लक्षात घे. तिथल्या मातीत बियांची साठवण असते. आपल्या मातीत गवतांचं आणि शेंगवर्गी झुडपांचं बी टिकतं, पण फळझुडपांचं टिकत नाही, कारण ते त्याच पावसात उगवून जातं. म्हणजे माती कितीही ताजी पसरली तरी करवंद आणि अंजनी तिच्यातून येणार नाहीत, त्यांच्यासाठी रोपवाटिकाच हवी. गंमत बघ, डंपांवरचं अकेशिया तुमच्या देशाच्या उत्तर भागातलं. झाड आपण आणलं, पण वरच्या मातीबद्दलची ही काळजी आणली नाही.

आमच्याकडे कोळशाचे डंप आहेत, काळे-करडे. उन्हाळ्यात पारा ४७ वर जातो. कोकणातली झुडपं इथे चालतील का?
*एक वाचक, घुग्घुस, जि. चंद्रपूर*

कोकणातली चालवूच नका. तुमच्या डोंगरांवर तुमची आहेत: तरवड, धायटी, बोर, निर्गुडी, मुरुडशेंग, पळस. तरवडाने सुरुवात करा. बी मुबलक मिळतं, कवच कठीण म्हणून गरम पाण्याचा उपाय चालतो, आणि जनावरं त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. निर्गुडीचं बी नीट उगवत नाही. तिच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या पावसाच्या तोंडावर खोचा, त्या लागतात.

तुमच्याकडे पाऊस आमच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे खड्ड्यापेक्षा पाणी अडवण्याला महत्त्व द्या. प्रत्येक रोपाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती मातीची पाळ आणि बुडाशी दगडांचं आच्छादन. डंपात कोळशाचे तुकडे राहिले असतील तर ते आत धुमसतात. जिथे वाफ किंवा धूर दिसतो, पायाला चटका बसतो, तिथे लावणी तर नाहीच, माणसानेही फिरू नये. आधी ती जागा मातीने दाबून विझवून घेणं हे खाणीचं काम आहे.

विदर्भाने या बाबतीत कोणाकडे बघायची गरज नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या डंपावर साखर कारखान्यातलं प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ), नत्र देणारे जिवाणू आणि मुळांच्या बुरश्या वापरून उजाड टेकाडावर रान उभं केलं. डॉ. आशा जुवारकर यांचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे. प्रेसमड मिळत नसेल तर शेणखत वापरा, पण मूळ तत्त्व तेच: मातीत जीव आधी घाला.

हे सगळं आम्ही गावकऱ्यांनी का करायचं? ज्याने डोंगर खणला त्याचं काही कर्तव्य नाही का?
*एक वाचक, रेडी, ता. वेंगुर्ला*

आहे, आणि ते लेखी आहे. खनिज संवर्धन आणि विकास नियम, २०१७ प्रमाणे वरची माती वेगळी काढून साठवणं आणि जमीन सुधारण्यासाठी वापरणं खाणवाल्यावर बंधनकारक आहे. खाण बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो आणि त्यासाठी आर्थिक हमीही ठेवावी लागते. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढे जाऊन सांगितलं की खाणपट्टेधारकाने खाणीची आणि खाणकामामुळे बिघडलेली इतर जमीन स्वखर्चाने पुन्हा गवताखाली आणावी, तिथे चारा, वनस्पती आणि प्राणी नांदतील अशा स्थितीत. ही अट खाणपट्ट्यात, पर्यावरण मंजुरीत आणि खाण आराखड्यात घालण्याचे आदेशही दिले.

न्यायालयाने गवत म्हटलं हे मला फार मोलाचं वाटतं. आराखड्यांत सहसा रोपांची संख्या असते, ‘इतकी हजार झाडं लावली’. त्या झाडांखाली गवत आहे का, झुडूप आहे का, माती थांबली का, हे कोणी विचारत नाही.

तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि राग मलाही येतो. तरी रोपवाटिका गावात असावी असं मी म्हणते, कारण ठेकेदाराला बी लागतं तेव्हा तो दूरच्या नर्सरीतून मिळेल ते आणतो. काम खाणवाल्याच्या पैशाने होऊ दे, बी मात्र तुमच्या डोंगराचं असू दे. माहितीच्या अधिकारात खाणीच्या बंद-आराखड्याची आणि पर्यावरण मंजुरीच्या अटींची प्रत मागा. त्यात तीन गोष्टी शोधा: वरची माती किती आणि कुठे साठवली, कोणत्या जाती लावायच्या ठरल्या, आणि लावणीनंतर किती वर्षं देखभाल करायची आहे. जातींच्या यादीत अकेशिया, सुरू, सुबाभूळ एवढंच असेल तर ग्रामसभेत ठराव करून स्थानिक झुडपांची तुमची यादी त्या आराखड्याला जोडायची मागणी करा. यादी करायला मदत लागली तर तुमच्या सड्यावरच्या झुडपांची पानाफळांसकट छायाचित्रं या सदराच्या पत्त्यावर पाठवा. मेअखेरपर्यंत आलेल्या सगळ्यांना मी नावं आणि बी धरायचा महिना कळवीन.